लूझच्या दवाखान्याचे पैसे

हॅडरिग, नॉर्थम्बरलंड
२ फेब्रुवारी २०२५

विल्फ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत टाकणार असशील, तर त्याआधी बायकोला वाचू दे. तुमचा पत्ता मी डोरीनच्याच नाताळच्या कार्डावरून घेतलाय. पंधरा वर्षं ती न चुकता कार्ड पाठवते आणि खाली तुझं नाव स्वतःच लिहिते. सख्ख्या भावाचं अक्षर मला ओळखू येत नाही असं तिला वाटतं की काय!

आता मुद्द्याचं. मी पुन्हा लग्न केलंय. जीनला जाऊन दहा वर्षं झाली, त्यामुळे घाई केली असं कोणी म्हणू शकणार नाही. बायकोचं नाव लूझविमिंडा. मी लूझ म्हणतो, कारण पूर्ण नाव घेईपर्यंत चहा निवतो. फिलिपिन्समधली इलोइलोची, वय एक्कावन्न, शाळेत शिवणकाम शिकवते. बसडेपोतलं काम सांभाळून मी शनिवारी ब्लाइथ बंदरावर खलाशांना बाजारात नेणारी गाडी चालवतो. तिचा भाऊ रोडेल तिथे जहाजावरून उतरला तोच पोट धरून. त्याचं ऑपरेशन झालं आणि मी रोज भेटायला गेलो, कारण त्याचं इथे कोणी नव्हतं. तो फोनवर बहिणीला दाखवायचा, 'हा बघ, हा मला द्राक्षं आणून देतो.' रोडेल बरा होऊन गेला. द्राक्षांवरून सुरू झालेलं बोलणं दोन वर्षं चाललं. गेल्या मे महिन्यात मी तिकडे जाऊन लग्न केलं.

आणि बायको अजून तिकडेच आहे. तिला आणायचं तर अर्जाची फी वेगळी आणि आरोग्यसेवेचे पैसे वेगळे. वर्षाला एक हजार पस्तीस पौंड, तीन वर्षांचे एकदम, तेही आगाऊ. व्हिसा पावणेतीन वर्षांचा आणि पैसे पुऱ्या तीन वर्षांचे! माणसाला शिंक यायच्या आधीच बिल. इथे येऊन ती कमावणार, कर भरणार, आणि त्या करातूनही दवाखाने चालणारच. मी हे फोनवर इतकं तावातावानं सांगितलं की ती म्हणाली, "नॉर्मन, हळू बोल. आमच्या शेजारणीला वाटेल तू मलाच ओरडतोयस."

अर्जाची फी मी जमवलीय. हे तीन हजार एकशे पाच नाहीत. दरहॅमकडचा एक शौकीन बाबांच्या लीकच्या रोपांचे, त्या मनगटाएवढ्या जाड कांद्यांचे, तीन हजार द्यायला तयार आहे. पण सगळा वाण त्याला हवा, माझ्याकडे एक रोपही उरता कामा नये. बाबांनी आपल्याकडून हात मिळवून वचन घेतलं होतं, रोपं घराबाहेर जायची तर दोघांनी हो म्हणायला हवं. म्हणून हे पत्र. तू हो म्हण, एवढंच मागणं आहे.

२००९ मध्ये जे झालं त्यावर मी काही लिहीत नाही. मी तुला कधीच माफ केलंय.

नॉर्मन


हॅडरिग
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय विल्फ, प्रिय डोरीन,

काल फोन ठेवल्यावर मी दहा मिनिटं तिथेच उभा होतो. डोरीन, तू बँकेच्या कार्डावरचे आकडे वाचत होतीस आणि मी इथे ते एकेका बोटानं दाबत होतो, तेव्हा मागून त्याचा आवाज आला. "सांग त्याला, बापाची रोपं विकलीस तर तंगडं मोडीन!" पंधरा वर्षांनी भावाचा आवाज ऐकला तो हा. विल्फ, इतका बरा वाटला म्हणून सांगू!

मी 'हो' मागितलं होतं, तू पैसेच भरून मोकळा झालास. आभार कसे मानायचे मला कळत नाही. आपल्या घरात कोणी कोणाचे मानलेच नाहीत. बाबा तर आईनं ताट पुढे ठेवलं की म्हणायचे, "मीठ कमी आहे." तरी लिहितो. विल्फ, मी तुझा आभारी आहे. डोरीन, तुझाही. नाताळच्या प्रत्येक कार्डासाठीसुद्धा.

लूझला सांगितलं. ती विचारते, "तुला भाऊ आहे?" एवढ्या वर्षांत तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मग तिनं रोपांची चौकशी केली. मी फोटो दाखवले. ती म्हणाली, "हा तर पातीचा कांदा. फक्त खाऊन खाऊन सुजलाय." बाबांनी हे ऐकलं असतं तर लग्न मोडलं असतं.

अर्ज सोमवारी जाईल. सोबत आमच्याबद्दल एक पत्र जोडायचं आहे. कसे भेटलो, कसे राहणार, सगळं. खरं तेच लिही, असं सल्ला केंद्रातल्या बाईंनी बजावलंय. मी चार पानं लिहिली आहेत. रोपं तुझीही आहेत. हवी तेव्हा ये आणि ने.

तुझा
नॉर्मन


हॅडरिग
१९ जुलै २०२५

प्रिय विल्फ,

अर्ज नाकारला गेला.

चूक कोणाची, हे आधी सांगून टाकतो. माझी. त्या चार पानांत मी माझं सबंध वर्ष लिहिलं होतं. त्यात असंही लिहिलं की ऑगस्टपासून प्रदर्शनापर्यंत सहा आठवडे मी भाजीच्या वाफ्यावरच्या शेडमध्ये झोपतो, प्रदर्शनातल्या लीकचं रात्री कोणी नुकसान करू नये म्हणून राखण करायला, आणि लग्न झालं तरी हा नेम मोडणार नाही. मला वाटलं, माणूस नेमाचा आहे, शब्दाचा पक्का आहे, असं ते वाचून म्हणतील. हॅडरिगमध्ये कोणाला यात काही वावगं वाटलं नसतं. अर्धा लीक क्लब त्या दिवसांत शेडमध्येच झोपतो. पण नकाराच्या पत्रात सरळ लिहिलंय की पतीचा पत्नीसोबत कायम एकत्र राहण्याचा विचार दिसत नाही. वर माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत.

लूझनं ते पत्र माझ्याआधी वाचलं, कारण अर्जदार ती. मी फोन केला. ती म्हणाली, "ते सहा आठवडे मी कुठे झोपणार होते, नॉर्मन? घरात एकटी? एवढ्या लांबून येऊन?"

मी म्हटलं, "अगं, वाफा घरापासून पाच मिनिटांवर आहे."

"मग तू पाच मिनिटं चालून घरी का येत नाहीस?"

मी फीचं बोलायला लागलो.

अर्जाची फी गेली, ती परत मिळत नाही. आरोग्याचे पैसे मात्र ज्या कार्डानं भरले त्याच कार्डावर परत जातात, असा नियम आहे. म्हणजे थोड्याच आठवड्यांत तुझे पैसे तुझ्याकडे येतील. ते तू ठेव. मी पुन्हा मागणार नाही. तुला एक गोष्ट सांगायची आहे. आज हात चालत नाही. एक-दोन दिवसांत लिहितो.

नॉर्मन


हॅडरिग
२१ जुलै २०२५

विल्फ,

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं, 'मी तुला कधीच माफ केलंय.' ते वाक्य आठवलं की मला स्वतःची शिसारी येते. आता खरं सांगतो.

२००९ मध्ये माझी लीक तू कापली नाहीस. जीननं कापली.

तिची केमोची दुसरी फेरी चालू होती, आणि मी शेडमध्ये राहत होतो. दिवसा डेपोत, संध्याकाळी वाफ्यावर. घरी फक्त अंघोळीला आणि जेवायला. तिला उलट्या व्हायच्या तेव्हा बादली धरायला मी नसायचो. तू असायचास. तू दुपारी येऊन तिच्यापाशी बसायचास, सूप करून द्यायचास, हे मला माहीत होतं, आणि मला ते सोयीचं वाटायचं, विल्फ. सोयीचं! प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मी क्लबात टेबलं मांडायला गेलो होतो. जीन ब्रेड कापायची सुरी घेऊन वाफ्यावर आली आणि तिनं प्रदर्शनाची तिन्ही लीक उभी चिरली. मग घरी जाऊन झोपली. तू नेहमीसारखा तिला बघायला आला होतास आणि वाफ्यांमागच्या गल्लीतून परत जात होतास. क्लबाचा सेक्रेटरी कथबर्ट, त्यानं तुला पाहिलं. त्यानं मला सांगितलं, आणि मी भर क्लबात तुझी गचांडी धरली. तू तेव्हा काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नॉर्मन, मी जीनकडे आलो होतो." सगळे हसले. मी त्यांना हसू दिलं.

तुझं नाव क्लबातून जन्मभरासाठी काढलं. पुढच्या वर्षी तू गाव सोडलंस.

जीननं मला २०१४ मध्ये सांगितलं, जायच्या दोन महिने आधी. मी विचारलं, "का गं केलंस?" ती म्हणाली, "तुला घरी आणायला. पण तू घरी आलाच नाहीस, भावाशी भांडायला गेलास." मी तिला शब्द दिला की तुला आणि क्लबाला सांगेन. ती गेली. पहिलं वर्ष दुःखाच्या नावाखाली काढलं. मग लाज वाटायला लागली. मग सवय झाली. अकरा वर्षं, विल्फ. लीक लावत राहिलो आणि दर ऑगस्टला त्याच शेडमध्ये झोपत राहिलो.

परवा ते नकाराचं पत्र वाचलं आणि वाटलं, हे जीननंच लिहिलंय. तिनं सुरीनं लिहिलं होतं, ते मला वाचता आलं नाही. तेच आता एका अनोळखी माणसानं छापून पाठवलं.

आणखी एक. त्या फीवरून मी इतका चडफडलो. पण जीनला सहा वर्षं औषधं मिळाली, दोन ऑपरेशनं झाली, शेवटी घरी नर्स यायची. ती बाई माझ्यासाठीही सँडविच आणायची. सहा वर्षांत एकानंही माझ्यापुढे कागद धरला नाही की इतके झाले, काढा. मी त्यांतल्या एकालाही नीट 'आभार' म्हटलं नाही. फी अजूनही जास्तच आहे, ते मी मागे घेत नाही. पण ओरडायचा हक्क असलाच तर तो माझा नाही.

हे सगळं मी व्हिसा मिळाल्यावर सांगू शकलो असतो. पैसे तुझ्याकडे परत जातायत तेव्हाच सांगतोय, म्हणजे तुला मोकळेपणानं ठरवता येईल. लूझला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी भावाला लिही, मग माझ्याशी बोल." माफी मागतो. ती मिळावी असं माझ्याकडे काही नाही.

नॉर्मन


हॅडरिग
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय विल्फ,

तुझं कार्ड महिनाभर खिशात घेऊन फिरतोय. चार ओळी लिहायला तुला तीन आठवडे लागले, पण पाठ झाल्या आहेत. 'जीननं मला जाण्याआधीच पत्र लिहिलं होतं. तुझ्या पत्राची वाट बघत होतो. क्लबात सांग. पैसे भरतोय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.'

म्हणजे अकरा वर्षं तुला माहीत होतं! आणि फेब्रुवारीत माझं ते 'माफ केलंय' वाचूनही तू बँकेचं कार्ड काढून दिलंस. डोरीन फोनवर म्हणाली, तू पत्र वाचून बागेत गेलास आणि सगळं कुंपण रंगवून आलास. "आधीच रंगवलेलं होतं," म्हणाली.

काल प्रदर्शन झालं. यंदा मी घरी झोपलो, रोज. लीक उघड्यावर, देवाच्या भरवशावर. कोणी हात लावला नाही. सहावा नंबर आला. बक्षिसं वाटून झाल्यावर मी उभा राहिलो. कथबर्ट अजून सेक्रेटरी आहे. तो म्हणाला, "नॉर्मन, सहाव्या नंबराला भाषण नसतं. बस खाली."

मी बसलो नाही. सगळं सांगितलं. जीनचं, सुरीचं, बादलीचं, तुझ्या सुपाचं. मध्येच पाणी मागितलं, तेव्हा कोणीतरी बिअर पुढे केली. ती पिऊन उरलेलं सांगितलं.

मग कथबर्ट म्हणाला, "अरे, त्याच्या नावावर आम्ही लाल शाईनं रेघ मारलीय. ती आता कशी काढायची?"

मागच्या टेबलावरून त्याचीच बायको ओरडली, "नवी वही आण, कंजूषा! आणि त्याला गल्लीत पाहिलं म्हणून बोंबललास तू. माफीच्या पत्रावर तुझीही सही पाहिजे." सगळ्यांनी सह्या केल्यात, क्लबाचं पत्र सोबत जोडलंय. कथबर्टनं अक्षर सुधारून दोनदा लिहिलं.

बरेच जण माझ्याशी न बोलता निघून गेले. ते बरोबरच आहे.

अर्ज पुन्हा केलाय. फीसाठी उन्हाळाभर जादा पाळ्या केल्या. पत्र यावेळी एकच पान. लूझनं सांगितलं, मी लिहिलं. शेवटची ओळ तिची आहे, 'माझा नवरा घरी झोपतो, हे मी रोज फोनवर पाहिलं आहे.' खरंच, विल्फ, ती तिकडे सकाळी उठून आधी फोन करायची आणि म्हणायची, "उशी दाखव."

तुझा भाऊ
नॉर्मन


हॅडरिग
१५ मार्च २०२६

प्रिय विल्फ, प्रिय डोरीन,

लूझला येऊन तीन आठवडे झाले. विमानतळावरून तिनं तुम्हाला फोन केलाच होता, आणि विल्फ, तू तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोललास. त्यामुळे आल्याची हकीकत पुन्हा लिहीत नाही. परवाची लिहितो.

इथल्या थंडीनं तिला खोकला धरला. चार दिवस ती म्हणत राहिली, काही नाही, आल्याचं पाणी पिते. शुक्रवारी छातीत दुखायला लागलं, तेव्हा मी जबरदस्तीनं गावातल्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं नाव आणि जन्मतारीख विचारली आणि म्हणाली, "बसा हं, बोलावतील."

लूझ बसेना. तिनं पर्समधून एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. त्यात पौंड होते, पेसो होते, आईची सोन्याची साखळीसुद्धा होती. म्हणाली, "आधी किती भरायचे?"

मुलगी म्हणाली, "काही नाही हो. बसा तुम्ही."

"काही नाही कसं? पैसे घेतल्याशिवाय आत कसं सोडाल?" तिनं पाकीट आणखी पुढे सरकवलं. मागे रांग लागली होती. मला वाटलं, तापात बोलतेय.

मी पुढे झालो आणि म्हटलं, "लूझ, भरलेत. माझ्या भावानं भरलेत." जरा मोठ्यानंच म्हटलं गेलं असावं. रांगेत कथबर्ट होता, तो खाली बघायला लागला.

डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढायला पाठवलं. दुपारी तोही झाला. काळजीचं काही नाही. औषधाच्या दुकानात मात्र दहा पौंडांना दहा पेन्स कमी मोजावेच लागतात. ते मोजले तेव्हा कुठे तिच्या जिवाला स्वस्थता आली. पावती दोनदा वाचली.

घरी आल्यावर तिनं मला तिच्या बापाचं सांगितलं. एवढ्या वर्षांत कधी बोलली नव्हती. ती एकोणीस वर्षांची होती. बापाचं पोट फुगलं, म्हणून शेजाऱ्यांनी त्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, आधी अनामत. बापाला बाकावर ठेवून ती पैसे आणायला धावली. मावशीकडे, मग शाळेतल्या बाईंकडे, मग सावकाराकडे. तीन तासांनी पैसे घेऊन परत आली. तो बाकावरच होता. त्याच्या अंगावर कोणीतरी वर्तमानपत्र घातलं होतं. रोडेल तेव्हा सात वर्षांचा. तो बापाचे जोडे हातात धरून शेजारी बसला होता.

तोच रोडेल इथे जहाजावरून उतरला आणि त्याला कोणी काही न विचारता आत नेलं, तेव्हा तिनं मला फोनवर विचारलं होतं, "तुम्ही कोण?" तिला वाटलं होतं, पैसे मी भरले.

विल्फ, मी रागानं म्हणत होतो ना, शिंक यायच्या आधीच बिल! ती म्हणते, "आधी भरलेलं असलं की धावावं लागत नाही." तिच्यापुढे मी फीचा हिशेब काढत नाही.

त्या दिवशी त्या काउंटरपाशी एकोणीस वर्षांच्या पोरीच्या बाजूनं 'भरलेत' म्हणणारं कोणी नव्हतं. परवा होतं. म्हटलं मी, पण म्हणता आलं ते तुझ्यामुळे.

आभारी आहे, दादा.

नॉर्मन